स्वादुपिंड : माणसाचं आणि उंदराचं

(पडद्यावर : माणसाच्या पोटाचं रेखाचित्र. जठर हळूहळू पारदर्शक होतं.)

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ खेटून, माणसाचं स्वादुपिंड आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर, वजन ८० ते १०० ग्रॅम. उजवीकडे त्याचं रुंद डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेलं, मधे धड, आणि डावीकडे निमुळती होत प्लीहेपर्यंत गेलेली शेपटी. शस्त्रक्रियेत पोट उघडलं तरी ते लगेच नजरेला पडत नाही. पोट तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हाताला तर ते सहसा लागतच नाही. त्यात वाढणारी गाठ बऱ्याचदा फार उशिरा कळते, त्याचं एक मोठं कारण ही जागा आहे.

(पडद्यावर : सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या पोटाचा आतला भाग.)

आता हे उंदराचं पोट. पहिल्यांदा बघणाऱ्याला यात स्वादुपिंड कुठलं, हेच उमगत नाही. डोकं, धड, शेपटी असा घडीव आकार इथे नाही. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यात फिकट गुलाबी, मऊ ऊती विखुरलेली आहे. एक भाग आतड्याच्या वळणाशी, एक प्लीहेकडे, एक छोटासा जठरालगत. शेजारच्या चरबीतून ती वेगळी ओळखायला नजर बसावी लागते. सगळं मिळून वजन अर्ध्या ग्रॅमच्याही आत.

या अर्ध्या ग्रॅमवर आपलं बरंच काही अवलंबून आहे. रक्तातली साखर उतरवणारं इन्शुलिन स्वादुपिंडातच तयार होतं; ते कमी पडलं की मधुमेह होतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यासाठी शोधल्या जाणाऱ्या औषधांची पहिली परीक्षा बहुतेक वेळा उंदरावरच होते. प्राण्यांची मदत घेणं काही नवं नाही. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचे पुंजके पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पाहिले, ते सशाच्या स्वादुपिंडात. स्वादुपिंड काढलं की मधुमेह होतो हे दाखवणारा १८८९ मधला मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांचा प्रयोग कुत्र्यांवरचा, आणि ज्यातून इन्शुलिन हाती आलं ते १९२१ मधलं टोरांटोचं कामही कुत्र्यांवरचं.

(पडद्यावर : दोन्ही स्वादुपिंडांतल्या नलिका निळ्या रंगात.)

पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिका बघू. माणसात मुख्य नलिका शेपटीपासून डोक्यापर्यंत जाते आणि आतड्याच्या भिंतीपाशी पित्तनलिकेला मिळते. १६४२ मध्ये इटलीतल्या पादुआ इथे योहान विरसुंगने ती शोधली, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पित्तनलिकेची शेवटची वाट स्वादुपिंडाच्या डोक्यातूनच जाते. तिथे गाठ वाढली की पित्त अडतं, डोळे पिवळे होतात. अनेक रुग्णांना कर्करोगाची पहिली खूण मिळते ती या काविळीतून.

उंदरात स्वादुपिंडाच्या नलिका पित्तनलिकेला आतड्याच्या बऱ्याच अलीकडे मिळतात. प्रयोगशाळेत याचा सुरेख उपयोग होतो. संशोधक पित्तनलिकेचं आतड्याकडचं तोंड चिमट्याने बंद करतात आणि अगदी बारीक सुईने तिच्यात ऊती सैल करणाऱ्या विकराचं (एन्झाइमचं) द्रावण सोडतात. पुढे जायला वाट नाही, म्हणून द्रावण स्वादुपिंडात शिरतं. बघता बघता ती चपटी ऊती फुगते, तिचे खंड एकमेकांपासून सुटे होतात. मग ती काढून कोमट पाण्यात ठेवायची, हलवायची, धुवायची. शेवटी काचेच्या तबकडीत बारीक रव्यासारखे पांढुरके कण उरतात. लँगरहान्सने पाहिलेले पेशींचे पुंजके ते हेच; त्यांना लँगरहान्सची द्वीपकं म्हणतात. हे काम हाताने करणाऱ्यांचा संयम पाहिला की मनापासून आदर वाटतो. एकेक कण पिपेटने टिपावा लागतो.

माणसाच्या स्वादुपिंडात अशी सुमारे १० लाख द्वीपकं असतात, उंदरात काही हजारच. गंमत म्हणजे एकेका द्वीपकाच्या आकारात मात्र फारसा फरक नाही. फरक आहे आतल्या मांडणीत.

(पडद्यावर : दोन द्वीपकं शेजारी शेजारी. बीटा पेशी हिरव्या, अल्फा पेशी लाल.)

डावीकडे उंदराचं. मधोमध हिरवा गाभा, म्हणजे इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी. कडेने लाल कड, रक्तातली साखर वाढवणारं ग्लुकागॉन तयार करणाऱ्या अल्फा पेशींची. कितीतरी वर्षं द्वीपक म्हटलं की हेच चित्र समोर यायचं. उजवीकडचं माणसाचं. इथे लाल आणि हिरवं एकमेकांत मिसळलेलं आहे. अल्फा पेशींचं प्रमाणही जास्त, आणि बहुतेक बीटा पेशींना कुठली तरी अल्फा पेशी शेजारी आहेच. २००५-०६ च्या सुमारास हे ठळकपणे मांडलं गेलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मायामीच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. उंदरात मज्जातंतू थेट या पेशींपर्यंत पोचतात; माणसाच्या द्वीपकात ते विरळ असतात आणि त्यातले बरेचसे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंना जाऊन मिळतात.

या मांडणीने प्रत्यक्षात काय बिघडतं किंवा घडतं? २०१८ चा एक प्रयोग याचं उत्तर देतो आणि आम्हाला तो या सगळ्या विषयातला सर्वात महत्त्वाचा वाटतो. उंदराची नेहमीची रक्तशर्करा माणसापेक्षा जास्त असते. तीच पातळी माणसात आढळली तर आपण मधुमेह म्हणू. मायामीच्याच संशोधकांनी मधुमेही उंदरांमध्ये माणसाची द्वीपकं रोवली. उंदरांची साखर खाली आली आणि स्थिरावली ती माणसाच्या पातळीवर. साखर किती ठेवायची, हे द्वीपकानेच ठरवलं.

पुढे त्यांना असंही दिसलं की माणसाच्या द्वीपकाला ही पातळी राखायला शेजारच्या अल्फा पेशींचं ग्लुकागॉन लागतं. उंदराच्या द्वीपकाचं त्यावाचून अडत नाही. ग्लुकागॉन रोखून साखर उतरवू पाहणाऱ्या औषधांचा म्हणूनच पुन्हा विचार करावा लागेल, आणि नुसत्या बीटा पेशी रोवणं पुरेल का, हाही प्रश्न उभा राहतो.

(पडद्यावर : प्रयोगशाळेतला शीतकक्ष, नमुन्यांच्या रांगा.)

अशा प्रश्नांसाठी माणसाचीच ऊती हवी. जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणं धोक्याचं असतं, कारण पाचकरस आजूबाजूला झिरपू शकतो. त्यामुळे २००७ मध्ये अमेरिकेत एनपॉड नावाचं जाळं उभं राहिलं. मधुमेह असलेल्या अवयवदात्यांची स्वादुपिंडं त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने तिथे येतात, आणि तिथून त्यांचे नमुने ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांकडे जातात.