बुसियातली रेंज

(दृश्य: सकाळ. केनिया आणि युगांडा यांच्या हद्दीवरचं बुसिया. ट्रकांची लांब रांग. टोमॅटोच्या पाट्या, सुक्या मासळीची पोती, सायकली.)

बुसिया नावाची गावं इथे दोन आहेत. एक केनियात, दुसरं युगांडात. मधे फाटक आहे, चौकी आहे, गणवेशातली माणसं आहेत. बाजार मात्र एकच. इकडचा कांदा तिकडे जातो, तिकडची हिरवी केळी इकडे येतात. नातीगोतीही तशीच, अर्धी अलीकडे आणि अर्धी पलीकडे.

पूर्वी दोन्ही देशांच्या चौक्यांमधला मोकळा तुकडा पायी ओलांडावा लागायचा. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला तो फार लांब वाटे. मग सायकलवाले उभे राहू लागले आणि गिऱ्हाईक बोलवायला ओरडू लागले, ‘बॉर्डर, बॉर्डर!’ त्यातूनच ‘बोडाबोडा’ हा शब्द आला असं इथले लोक सांगतात. आज युगांडातल्या कंपालापासून केनियातल्या मोंबासापर्यंत भाड्याच्या मोटारसायकलला हेच नाव आहे. हद्दीवर जन्मलेला शब्द सगळ्या पूर्व आफ्रिकेचा झाला.

(दृश्य: टोमॅटो विकणाऱ्या बाईचे हात. रबरबँडने बांधलेला बटणांचा फोन.)

या फोनकडे नीट पाहा. मागचं झाकण सैल झालंय, म्हणून रबरबँड. बाईकडे सिमकार्डं दोन, एक केनियाचं, एक युगांडाचं. बाजारात पन्नास पावलं इकडे-तिकडे झालं तरी रेंज बदलते, कारण टॉवरच्या लहरींना फाटक दिसत नाही. पलीकडचा दुकानदार हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसतो. पण एकाच सिमवरून त्याला फोन लावला, तर तो वर्षानुवर्षं परदेशी कॉल धरला जायचा. दर परदेशी, बिलही परदेशी. म्हणून दोन सिम. गरज पडली की एक काढ, दुसरं घाल. या बाजारातल्या बायकांनी आपल्यापुरता तोडगा केव्हाच काढला होता. सरकारांना तिथवर पोचायला बराच काळ लागला.

आपल्यालाही हे अगदीच अनोळखी नाही. कोल्हापूरहून बेळगावला जाताना कागल मागे पडायचं, निपाणी यायची आणि खिशातला फोन थरथरायचा: रोमिंग सुरू. मग आलेला फोन उचलायलाही पैसे. ‘नंतर बोलतो, रोमिंगमध्ये आहे,’ हे वाक्य आपण किती वेळा बोललोय! आपल्याकडे निदान देश एक होता, नियम करणारी यंत्रणा एक होती. बुसियात देशच दोन.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. टपाल कचेरी, डाकेचे शिक्के, तारांचे खांब.)

गंमत म्हणजे केनिया, युगांडा आणि टांझानिया यांचं टेलिफोन खातं एके काळी एकच होतं. रेल्वे एक, विमान कंपनी एक, टपाल आणि दूरध्वनीचं महामंडळही एक. 1967 मध्ये तिघांनी मिळून पूर्व आफ्रिकी समुदाय स्थापन केला आणि 1977 मध्ये तो मोडला. भांडण पैशांचं होतं, राजकारणाचं होतं, फायदा कोणाकडे जास्त जातो याचं होतं. मालमत्तेची वाटणी झाली. तारा त्याच राहिल्या, मालक तीन झाले.

पण त्या जुन्या घराची एक खूण आजही शाबूत आहे. केनियातून युगांडाला फोन लावायचा तर सुरुवातीला 006 दाबतात, टांझानियाला लावायचा तर 007. उलट दिशेने केनियासाठी 005. जगाशी बोलायचे क्रमांक वेगळे, आपसात बोलायचे हे वेगळे. संसार मोडला, तरी घरातल्या घरात हाक मारायची पद्धत तेवढी राहिली. मला हे तीन आकडे फार बोलके वाटतात.

नोव्हेंबर 1999 मध्ये टांझानियातल्या अरुशात नव्याने करार झाला. जुलै 2000 पासून समुदाय पुन्हा उभा राहिला. 2007 मध्ये रवांडा आणि बुरुंडी आत आले.

समुदाय पुन्हा उभा राहिला तेव्हाचं इंटरनेट मात्र केविलवाणं होतं. नैरोबीतल्या एका कचेरीने समोरच्या कचेरीला ईमेल पाठवला, तर तो उपग्रहावरून आधी अमेरिका नाहीतर युरोप गाठायचा आणि मग परत यायचा. नोव्हेंबर 2000 मध्ये केनियातल्या इंटरनेट कंपन्यांनी एकत्र येऊन नैरोबीत एक्स्चेंज उभारलं, गावातली रहदारी गावातच फिरावी म्हणून. सरकारी टेलिफोन कंपनीने तक्रार केली की हा आमच्या मक्तेदारीवर घाला आहे. नियामकाने एक्स्चेंज काही दिवसांतच बंद पाडलं. ते रीतसर पुन्हा सुरू व्हायला फेब्रुवारी 2002 उजाडलं.

(दृश्य: मोंबासाचा किनारा. समुद्रातून वाळूवर ओढली जाणारी केबल.)

आणि मग समुद्र. 2009 पर्यंत केनिया आणि टांझानियाच्या किनाऱ्याला समुद्राखालून येणारी एकही फायबर केबल नव्हती. सगळं ओझं उपग्रहांवर. एक मेगाबिट वेगासाठी महिन्याला हजारो डॉलर मोजावे लागत. असं असताना नैरोबीत कोण कॉल सेंटर काढणार, आणि रवांडाच्या राजधानीत, किगालीतल्या शाळेत कोण इंटरनेट नेणार?

या भागातल्या देशांनी मिळून एक केबल टाकायची, असं ठरत होतं. तिचं नाव ईझी. पण बोलणी काही केल्या संपेनात. केबलची मालकी कोणाची, दर कोण ठरवणार, मालक नसलेल्या कंपनीला त्याच भावात जागा मिळणार की नाही? बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी केनियाचा धीर सुटला. त्याने संयुक्त अरब अमिरातीतल्या एतिसलात या टेलिफोन कंपनीला हाताशी धरून मोंबासापासून तिथल्या फुजैरापर्यंत आपली वेगळी केबल टाकली, तिचं नाव टीम्स. ती 2009 मध्ये किनाऱ्याला लागली. त्याच वर्षी जुलैत सीकॉम ही खाजगी केबल सुरू झाली. दक्षिण आफ्रिका, मोझांबिक, टांझानिया, केनिया असा किनारा जोडत तिचा एक फाटा थेट मुंबईला येतो. ईझी अखेर 2010 मध्ये सुरू झाली.

म्हणजे ज्याने सगळ्यांना एकत्र बांधायचं, तेच काम सर्वांत मागे पडलं. पण त्या ओढाताणीतून एकाऐवजी तीन केबली मिळाल्या आणि भाव कोसळले, हेही खरं.

किनारा असलेल्या देशांचं भागलं. युगांडा आणि रवांडा यांना समुद्रच नाही. त्यांच्यासाठी फायबर मोंबासाहून नैरोबी, तिथून हद्द ओलांडून कंपाला, पुढे किगाली असं महामार्गाच्या कडेने पुरत न्यावं लागलं. डिझेल, सिमेंट, खत ज्या वाटेने जातं, त्याच वाटेने. या वाटेला उत्तरी कॉरिडॉर म्हणतात. वाटेतल्या प्रत्येक देशाची परवानगी वेगळी, खोदाईचं भाडं वेगळं, कर वेगळा. किगालीतल्या मुलाच्या मोबाइलवर व्हिडिओ उघडतो, त्याच्या भावात या सगळ्या थांब्यांचा वाटा असतो.

(दृश्य: पुन्हा बुसिया. टॉवर. फोन कानाला लावलेली माणसं.)

आता बोलण्याच्या मिनिटाचा हिशोब पाहू, कारण खरी गाठ इथेच होती. तुम्ही केनियातून युगांडाला फोन लावता. तुमची कंपनी तुमच्याकडून पैसे घेते आणि त्यातला हिस्सा पलीकडच्या कंपनीला देते, कॉल शेवटच्या माणसापर्यंत पोचवला म्हणून. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मिनिटावर सरकारही कर लावतं. हा कर भरणारा माणूस परदेशात बसलेला असतो, तो इथे मत द्यायला येत नाही. म्हणून हा पैसा सोडायला कोणतंही सरकार सहज राजी होत नाही.

पहिला धक्का एका कंपनीने दिला. सुदानमध्ये जन्मलेल्या मो इब्राहिम यांनी उभारलेल्या सेलटेलने सप्टेंबर 2006 मध्ये केनिया, युगांडा आणि टांझानियात ‘वन नेटवर्क’ आणलं. ग्राहक तिन्ही देशांत कुठेही गेला तरी स्थानिक दर, आणि आलेला फोन उचलायला काही नाही. युरोपीय संघाला रोमिंगचे जादा दर काढायला जून 2017 उजाडलं, हे लक्षात घ्या. सेलटेलची पुढे झेन झाली, आणि 2010 मध्ये आपल्या भारती एअरटेलने झेनचा आफ्रिकेतला पसारा विकत घेतला. व्यवहार 10.7 अब्ज डॉलरचा होता. बुसियातले ते लाल फलक तिथून आले.

पण एका कंपनीची सवलत म्हणजे कायदा नव्हे. नियमांतला बदल 2014 च्या अखेरीस सुरू झाला. केनिया, रवांडा आणि युगांडा, पाठोपाठ दक्षिण सुदान, यांनी आपला सगळा टापू एकच फोनक्षेत्र मानायचं ठरवलं. आपसातल्या कॉलवर परदेशी कॉलचा अधिभार नाही. दुसऱ्या देशात असताना फोन उचलायला पैसे नाहीत. बोलण्याचा दर मिनिटाला 10 अमेरिकी सेंटच्या वर न्यायचा नाही. एवढं झालं आणि हद्दीपलीकडचे कॉल काही महिन्यांत कित्येक पटींनी वाढले. लोकांकडे बोलायला होतंच. आजवर ते मिस्ड कॉल देऊन गप्प बसत होते.

इथे चोरवाटाही निघाल्या. लंडनहून येणाऱ्या कॉलवर कर आहे आणि शेजारच्या देशातून येणाऱ्यावर नाही, असं झालं की लंडनचा कॉल शेजारचा म्हणून दाखवण्यात पैसा असतो. एका पेटीत डझनावारी सिमकार्डं बसवायची, परदेशी कॉल इंटरनेटवरून आणायचा आणि साध्या स्थानिक नंबरवरून पुढे सोडायचा. या पेटीला सिम बॉक्स म्हणतात. त्यामुळे नियामकांना प्रत्येक कॉल खरंच कुठून निघाला हे ओळखायची व्यवस्था बसवावी लागली.

टांझानिया आणि बुरुंडी सुरुवातीला बाहेरच राहिले. इंटरनेटच्या डेटाचं घोडंही मागेच राहिलं, आधी स्वस्त झालं ते बोलणं. आणि फोन स्वस्त झाला म्हणून रस्ता मोकळा होतोच असं नाही. फेब्रुवारी 2019 मध्ये रवांडा आणि युगांडा यांचं बिनसलं आणि गटुनाचा नाका बंद झाला. तो उघडला जानेवारी 2022 च्या अखेरीस. एकाच फोनक्षेत्रातली दोन शेजारी माणसं, पण भेटायचं तर तीन वर्षं वाट बंद.

वाट नाक्यावरच बंद होते असं नाही, समुद्रातही तुटते. 12 मे 2024 ला ईझी आणि सीकॉम या दोन्ही केबली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एकाच दिवशी तुटल्या. दार-ए-सलामपासून नैरोबी, कंपालापर्यंत इंटरनेट रडतखडत चाललं.

(दृश्य: हिरवी पाटी लावलेली छोटी टपरी. खिडकीतून नोटा मोजणारे हात.)

उरला पैसा. मार्च 2007 मध्ये केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा सुरू केलं. ‘पेसा’ म्हणजे पैसा, आपलाच शब्द. हिंदी महासागर ओलांडून गेला आणि स्वाहिलीत मुरला. फोनवरून फोनवर पैसे पाठवायची सवय देशाला लागली, ती बँक खातं नसलेल्या माणसालाही. बुसियातल्या व्यापाऱ्यांनी इथेही सरकारची वाट पाहिली नाही. युगांडाच्या बाजूला उभं राहून केनियाची रेंज पकडायची आणि केनियाच्या सिमवरून पैसे घ्यायचे. कंपन्यांनी केनिया-टांझानिया असे थेट व्यवहार 2015 मध्ये सुरू केले. तरी दोन देशांच्या शिलिंग या चलनांमधला विनिमय, दोन्हीकडचे कर आणि कमिशन हे सगळं वाटेत कापलं जातंच. मला विचाराल तर मिनिटाचा दर उतरवण्यापेक्षा हे काम मोठं आहे, आणि बाजारातल्या बाईच्या हिशेबात तेच जास्त बोचतं.

(दृश्य: तीच बाई. पाट्या रिकाम्या होत आल्यात.)

दुपार झाली. पलीकडच्या दुकानदाराला सकाळी दिलेल्या चार पाट्यांचे पैसे यायचेत. ती रबरबँड सरकवते, फोन कानाला लावते. या वेळी सिम बदलत नाही. पलीकडून आवाज येतो आणि ती विचारते, ‘पेसा इमेफिका?’

पैसे आले का?