जंगलाच्या काठावर कुत्र्याला फिरवताना

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल मुंबई आणि ठाण्याच्या दाट वस्तीला अगदी खेटून आहे. उद्यानात पाळीव कुत्रा नेता येत नाही. परंतु बिबट्या उद्यानाची हद्द पाळत नाही आणि उद्यानालगतच्या आरे वसाहतीतल्या रस्त्यांवर किंवा कुंपणालगतच्या सोसायट्यांभोवतीही तो वावरतो. इथल्या बिबट्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे अभ्यासातून दिसून आले आहे, आणि गळ्यात पट्टा असलेला कुत्रा बिबट्याच्या लेखी निराळा नसतो. म्हणून या भागात दिवेलागणीनंतर आणि पुरते उजाडण्याआधी कुत्र्याला बाहेर नेऊ नये. दिवसाही त्याची दोरी आखूड धरावी, कारण मोकळे सोडल्याने त्याला मिळणारा आनंद या धोक्यापुढे फारच थोडा आहे. चालता चालता कुत्रा थबकला, कान टवकारून झुडपाकडे रोखून पाहू लागला, तर त्याला पुढे न ओढता, न पळता, शांतपणे मागे फिरावे.

पावसाळ्यात गवत वाढले की सापांचा धोका वाढतो. वेटोळे घालून पडलेली घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते. माणूस तो ऐकून मागे सरतो, कुत्रा मात्र कुतूहलाने नाक पुढे करतो आणि दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर होतो. अशा वेळी सूज चढण्याआधी गळ्यातला पट्टा सोडावा, जखम कापू किंवा आवळून बांधू नये आणि कुत्र्याला चालू न देता उचलूनच पशुवैद्यकाकडे न्यावे. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते; मात्र ते प्रत्येक दवाखान्यात असतेच असे नाही, त्यामुळे सहलीला निघण्यापूर्वीच फोन करून चौकशी केलेली बरी.

घरी परतल्यावर कानांच्या घड्या, पायाच्या बोटांमधल्या फटी आणि पट्ट्याखालची कातडी केस बाजूला सारून तपासावी. गोचीड दिसल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. डबक्यातले पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नये, कारण उंदरांच्या मूत्रातून त्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे) जंतू उतरलेले असू शकतात. या रोगाची लस दरवर्षी द्यावी लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये जुहू किंवा अक्साच्या किनाऱ्यावर जाणार असाल, तर वाळूत पडलेले निळसर फुगे कुत्र्याला हुंगू देऊ नका. त्या ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे दिसणारे समुद्री जीव, असतात आणि मेल्यानंतरही त्यांचे तंतू डंख करतात.