पुढे नवे, मागे म्हातारे: जुन्या एस्टीमला मातीचे टायर

(दोन टायर शेजारी उभे. कॅमेरा जमिनीलगत.)

हे दोन टायर बघा. डावीकडचा १७५/७० आर १३, म्हणजे मारुती एस्टीमचा कंपनीचा साइज. उजवीकडचा १५५/८० आर १३, जो जुन्या सेलेरिओच्या आणि वॅगन आरच्या खालच्या मॉडेलला येतो. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये; शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. मातीच्या ट्रॅकवर पळायचं असेल तर यातला कुठला घ्याल? दुकानात हा प्रश्न विचारला की सगळे रुंदवाल्याकडे बोट दाखवतात. मीही दाखवलं होतं, आणि एक अख्खा सीझन गाडी वळायच्या ऐवजी सरळच जायची.

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहतो, महापेला नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी २००४ ची एस्टीम मातीत लोळवतो. पैसा बेताचाच आहे. म्हणून आज टायरबद्दल बोलू, कारण या गाडीत मी जे काही केलं त्यात सगळ्यात जास्त फरक टायरने पडला. इंजिनाला हातही लावलेला नाही.

आधी रुंदीचं. घरी परातीत पीठ घ्या. त्यावर तळहात ठेवा, तो वरच राहतो. आता एक बोट खुपसा, ते तळाला लागतं. मार्च-एप्रिलचा ट्रॅक म्हणजे हीच परात. वर फुफाटा, खाली दाबून बसलेला मुरूम. पकड मिळते ती खालच्या मुरमात. अरुंद टायर फुफाटा बाजूला सारून तिथवर पोचतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. जागतिक रॅलीतल्या गाड्याही हेच करतात. डांबरावर त्यांना १८ इंची रिमवर २३५/४० चे टायर असतात, आणि खडी-मातीच्या रस्त्यावर त्याच गाडीला १५ इंची रिम आणि २०५/६५.

आता या दुसऱ्या आकड्याकडे बघा. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. १५५ चे ८० टक्के १२४ मिलिमीटर. १७५ चे ७० टक्के साडेबावीस... नाही, एकशे साडेबावीस. म्हणजे भिंत जवळजवळ तेवढीच. पूर्ण चाकाचा व्यास एकाचा ५७५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५७८. तीन मिलिमीटरचा फरक, गिअरिंगला काही होत नाही. दोन्ही टायर एकाच लोखंडी रिमवर बसतात. आणि १५५ वाला खिशालाही हलका.

एक अपवाद सांगतो. खाडीकडच्या भरावावर ट्रॅक असेल, खाली खाजणाची चिकण माती असेल आणि पाऊस पडून गेला असेल, तर तळ लागतच नाही. तिथे रुंदीपेक्षा नक्षी महत्त्वाची. ठोकळे सुटे हवेत, मधल्या खाचा मोठ्या हव्यात, म्हणजे चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जाईल. गुळगुळीत नक्षीचा टायर एका फेरीत चिखलाचा लाडू होतो.

(टायर उचलून कॅमेऱ्याजवळ.)

जुना टायर घेत असाल तर इथे बघा. डीओटी अक्षरांच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. हे २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे, म्हणून मी खूश झालो होतो. मग नख दाबून बघितलं. हे बघा, दाबतोय, खूण उमटत नाही. रबर मेलंय. उन्हात उभ्या गाडीचा टायर असा होतो, दिसायला नवा आणि हाताला लाकूड. शोअर मीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, मिळाला तर उत्तमच. रस्त्याच्या टायरचं रबर साधारण ६० ते ७० दाखवतं, आकडा जितका खाली तितकं रबर मऊ. नसेल मीटर तर नख आहेच. आत हात घालून भिंतीवरून फिरवा. कुठे फुगवटा, कुठे तार लागली, तर सोडून द्या.

रिमोल्डचं, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेल्या टायरचं, विचारतात सगळे. बटन नक्षीचा रिमोल्ड मातीत मस्त चालतो, खोटं कशाला बोलू. पण वरची साल नवी आणि आतलं हाड कुणाचं, किती वर्षांचं, हे कळत नाही. मी पुढच्या चाकांना लावत नाही.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा. एस्टीम पुढून ओढते. ओढायचं, वळायचं, ब्रेकचाही मोठा वाटा उचलायचा, सगळं पुढच्याच दोन टायरांनी. मागचे नुसते पाहुण्यासारखे मागून येतात. म्हणून पैसे दोनच टायरांचे असतील तर नवे दोन पुढे, आणि झिजलेले मागे. मागची बाजू थोडी सैल झाली की गाडी वळणात आपोआप नाक आत घालते. पण नीट ऐका, हे फक्त ट्रॅकवर. रस्त्यावरच्या गाडीला बरोब्बर उलटं, चांगले टायर मागे. ठाणे-बेलापूर रोडवर पावसात मागची बाजू सुटली तर सावरायला जागा नाही आणि वेळही नाही. म्हणून ट्रॅकची चाकं वेगळी ठेवा, आणि गाडी ट्रॅकवर टेम्पोत घालून न्या.

अमेरिकन व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथले मातीचे ट्रॅक लंबगोल, गाडी कायम डावीकडेच वळते. म्हणून ते उजवा मागचा टायर घेराने मोठा घेतात, त्याला स्टॅगर म्हणतात. गरम ब्लेडने टायरवर खाचाही पाडत बसतात, ट्रॅक ओला की वाळलेला त्याप्रमाणे. आपली ऑटोक्रॉस, म्हणजे ही मातीच्या ट्रॅकवरची शर्यत, दोन्ही बाजूंना वळते. स्टॅगर विसरा.

चला, आता टायर चढवू. मी तुर्भ्याच्या एका टायरवाल्या चाचांकडे जातो. मशीन आहे, पण मातीची चाकं ते हातानेच करतात.

रिम लोखंडीच घ्या. दगडावर आदळली तर वाकते, हातोड्याने सरळ होते. अलॉयला तडा जातो, आणि मग ती कुंड्या ठेवायच्या कामाची. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात रिम मिळतात, फक्त चार नटांमधलं अंतर आपल्या गाडीशी जुळतं का ते आधी बघा. आपल्याकडे खारी हवा, त्यामुळे बीड, म्हणजे टायरची आतली कडक कड, रिमवर जिथे बसते तिथे हमखास गंज असतो. तारेच्या ब्रशने घासून काढा. त्या गंजातूनच हवा हळूहळू जाते आणि आपण पंक्चर शोधत बसतो.

(जवळून: रिमची मधली खोलगट पट्टी.)

ही मधली खोल पट्टी दिसते? टॉमी, म्हणजे टायर चढवायची लोखंडी पट्टी, लावताना समोरची बीड या खोलात ढकलून ठेवायची, गुडघ्याने दाबून. मग इकडची बाजू सहज वर येते. जोर लावावा लागतोय म्हणजे समोरची बाजू खोलात नाही, एवढंच. चाचा मला म्हणाले होते, "ताकद नको लावू, पाय लाव." बीडला साबणाचं पाणी लावा. ग्रीस, ऑइल, डिझेल अजिबात नाही. ते वाळत नाही आणि टायर रिमवर फिरत राहतो.

हवा भरताना व्हॉल्व्हची पिन काढून ठेवा, म्हणजे हवा जोरात आत जाते. टप्प आवाज दोनदा यायला हवा, दोन बाजूंच्या दोन बीड. ४० पॉइंटपर्यंत बसली नाही तर थांबा, हवा सोडा, पुन्हा साबण लावा. आगकाडी आणि स्प्रे घेऊन भडका उडवायचे व्हिडिओ बघितले असतील, ते करू नका. बसल्यावर रिमच्या कडेने टायरवर एक बारीक रेघ दिसते. तिचं अंतर सगळीकडे सारखं आलं की झालं. बॅलन्सिंग करून घ्या, पण पहिल्याच फेरीत आत चिखल चिकटणार आहे, तेव्हा जीव टाकू नका.

हवा किती, यावर माझी फजिती सांगतो. कुठेतरी ऐकलं की कमी हवेत पकड वाढते. मी पुढची हवा १४ पॉइंटवर आणली. तिसरं वळण उजवीकडचं. सगळं वजन डाव्या पुढच्यावर आलं, टायर रिमखाली दुमडला, बीड सुटली, रिम मुरमात नांगरासारखी रुतली. गाडी उलटली नाही ते नशीब. आता पुढे २६, मागे २८, थंड टायरवर, आणि दर वेळी एकाच गेजने. दगडगोटे जास्त असतील तर पुढे दोन पॉइंट वाढवतो. कमी हवेचा मोह होतच असेल तर ट्यूब टाकून बघता येते. आधी आतली सगळी स्टिकर्स काढा, ती ट्यूबला घासतात, आणि शंखजिऱ्याची पावडर मारा. पण ट्यूब असली तरी बीड सुटतेच, हे ध्यानात ठेवा.

(पांढऱ्या रंगाचा ब्रश.)

शेवटचं काम, दहा रुपयांचं. टायरपासून रिमपर्यंत ही एक सरळ पांढरी रेघ. फेरी मारून आलात की बघा. रेघ अखंड असेल तर ठीक. टायरवरची आणि रिमवरची रेघ सरकली असेल तर टायर रिमवर घसरतोय. हवा वाढवा. ट्यूब असेल तर लगेच खोला, नाहीतर व्हॉल्व्ह मुळापासून उपटतो. नटही पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळायचे, समोरासमोरचे, गोल फिरत नाही.

आणि हो, काढलेले टायर गॅलरीत उभे रचून ठेवू नका. माझ्याकडे पावसाळ्यात पालिकेची डासवाली माणसं आली होती. टायरमधलं पाणी चमच्याने काढून अळ्या दाखवल्या, आईसमोर. तेव्हापासून माझे टायर चाचांच्या दुकानाच्या माळ्यावर.