एका घोड्यामागे पाच मेंढरं

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत नावाहो लोकांचा मुलूख पसरलाय. ते स्वतःला दिने म्हणवतात. तिथल्या ग्रे माउंटन या वस्तीजवळ 2018च्या मे महिन्यात एका तळ्यात 191 घोडे मरून पडलेले सापडले. तळं आटलं होतं. तहानेने आत शिरलेली ती जनावरं कुणी मांडीपर्यंत, कुणी मानेपर्यंत चिखलात रुतली होती. अंगात त्राण नव्हतं, पाय निघाले नाहीत.

हे सगळे मोकाट घोडे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मोकाट घोड्यांच्या शिकारीचे परवाने देण्याचं नावाहोंच्या स्वतःच्या प्रशासनाने ठरवलं होतं. लोक संतापले, बेत बारगळला. मग प्रश्न पडतो: कुरणं उजाड होत असताना जनावरं कमी करायला एवढा विरोध का?

त्यासाठी मागे जावं लागतं. 1864 मध्ये अमेरिकेच्या लष्कराने या लोकांना शेकडो मैल पायी चालवत हद्दपार केलं. 1868च्या तहानंतर ते परतले, तेव्हा सरकारने मेंढ्या-शेळ्या दिल्या. त्या थोड्याशा जनावरांतून त्यांनी पुन्हा संसार उभे केले, कळप वाढवले. पुढे 1930च्या दशकात तेच सरकार म्हणू लागलं, जनावरं फार झाली, माती धुपतेय, कोलोरॅडो नदीवरच्या नव्या धरणात गाळ भरेल. धूप खरी होती, हे मान्य करायला हवं. पण उपाय कसा केला? शेळ्या कवडीमोलाने घेतल्या आणि जिथून नेणं परवडेना तिथे गोळ्या घालून दऱ्यांत टाकून दिल्या. कळप बहुतेक बायकांच्या मालकीचे. त्यांना कुणी धड विचारलंसुद्धा नाही! ज्याने कधी मेंढरं राखली आहेत, त्याला हे ऐकवणार नाही.

मग चराईचे परवाने आले. चाऱ्याचा हिशेब मेंढरांत: एक गाय खाते 4 मेंढरांएवढं, घोडा 5 मेंढरांएवढं. घोडा खातोही तसाच, वरखाली दोन्हीकडे दात असल्याने गवत पार बुडापासून कुरतडतो. म्हणून मोकाट घोड्यांचा भार खरोखर मोठा आहे आणि त्याची झळ आधी बसते ती परवाना पाळून मोजकी मेंढरं राखणाऱ्या घराला.

मला वाटतं, जनावरांची मोजणी व्हायलाच हवी. पण ती त्या घरांशी बोलून, त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात बसून झाली पाहिजे. दऱ्यांत टाकलेल्या शेळ्यांची गोष्ट तिथल्या आज्या अजून नातवंडांना सांगतात.