छाती उघडलेलीच आहे, तर : हृदयशस्त्रक्रिया आणि एट्रियल फिब्रिलेशन

झडपेच्या किंवा बायपासच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या रुग्णाला आधीपासूनच एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर त्याचे काय करायचे, याचे आम्हा शल्यचिकित्सकांचे उत्तर बरीच वर्षे ठरलेले होते : मुख्य काम नीट करा, नाडी औषधांनी ताब्यात ठेवा, पुढचे पुढे. हे उत्तर आमच्या सोयीचे होते. रुग्णाच्या हिताचे होतेच, असे मी म्हणणार नाही.

या विकारात अलिंदे, म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे, नीट आकुंचन न पावता नुसती थरथरतात. छातीतली धडधड रुग्णाला जाणवते, पण मोठा धोका न जाणवणारा असतो. डाव्या अलिंदाला बोटाएवढी, आतून खाचाखोचांची एक पिशवी असते. तिच्यात रक्त साकळून गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो.

१९८७ मध्ये अमेरिकेत डॉ. जेम्स कॉक्स यांनी ‘मेझ’ (म्हणजे चक्रव्यूह) शस्त्रक्रिया केली. तिच्यात अलिंदांच्या भिंतींना ठरावीक रेषांवर छेद देऊन ते पुन्हा शिवत. व्रण ओलांडून विद्युतलहर जात नाही, त्यामुळे भरकटणाऱ्या लहरींच्या वाटा तुटतात आणि नैसर्गिक लहरीला जाण्यापुरती वाट उरते. गुण चांगला येई, पण टाके फार आणि वेळही फार. म्हणून ती मोजक्याच हातांत राहिली. आता बहुतेक छेदांची जागा रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे रेडिओलहरींनी भाजणाऱ्या, चिमट्याने आणि गोठवणाऱ्या सळईने घेतली आहे. सळई टेकवल्यावर तिच्याभोवती बर्फाचा पांढरा थर पसरताना दिसतो. तिथे घाई करून चालत नाही, कारण रेषेत राहिलेली बारीकशी फटही लहरीला पुरते.

मिट्रल झडपेच्या (डाव्या अलिंदाखालच्या झडपेच्या) शस्त्रक्रियेच्या २६० रुग्णांवरील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुख्य शस्त्रक्रियेला अशा रेषांची जोड दिलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के रुग्ण सहा आणि बारा महिन्यांच्या तपासणीत या विकारापासून मुक्त आढळले; न दिलेल्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. मात्र पेसमेकर बसवण्याची वेळही पहिल्या गटात दुपटीहून अधिक वेळा आली, आणि संमती घेताना हे सांगितलेच पाहिजे.

त्याच शस्त्रक्रियेत डाव्या अलिंदाची ती पिशवी बंद करण्याबाबत मी अधिक आग्रही आहे. २०२१ च्या मोठ्या चाचणीत, सरासरी ३.८ वर्षांत, पक्षाघात किंवा अन्य अवयवात गुठळी अडकण्याचे प्रमाण पिशवी बंद केलेल्यांत ४.८ टक्के, तर न केलेल्यांत ७ टक्के होते. बंद करायची म्हणजे मुळापासून, कारण अर्धवट शिवलेल्या पिशवीत रक्त साकळतच राहते. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) खात्री पटल्याशिवाय मी छाती शिवत नाही.

त्या चाचणीतील बहुतेक रुग्ण रक्त पातळ करणारी गोळीही घेत होते, ही गोष्ट अनेकदा निसटते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘पिशवी बंद केली आहे’ असे लिहिले की लगेच खालच्या ओळीत ‘गोळी चालू ठेवावी’ हेही मी स्वतःच्या हाताने लिहितो.