लोकल मागायची कुणाकडे?

(दृश्य : सकाळचा चिंचवड फलाट. लोकल आत येते आहे.)

पुणे ते लोणावळा अंतर साधारण 64 किलोमीटर, स्टेशनं 17. या मार्गावर 11 मार्च 1978 पासून लोकल धावते. रूळ दोनच आहेत, एक जायचा आणि एक यायचा. त्याच दोन रुळांवरून मुंबईच्या एक्स्प्रेस, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्याही जातात. मागून येणारी एक्स्प्रेस पुढे काढायची असली की लोकल बाजूच्या लाइनवर घेऊन उभी करतात. पिंपरीच्या कारखान्यात किंवा आकुर्डीच्या कॉलेजात रोज जाणाऱ्याला हा थांबा वेळापत्रकात कुठेच सापडत नाही, लेटमार्क मात्र लागतो.

तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. पण भूसंपादन, पूल, सिग्नल, विजेच्या तारा हे सगळं उभं राहायला वर्षं लागतात. तोवर आहे त्या रुळांवर काय सुधारता येईल, याचाच हा विचार आहे.

(दृश्य : फलाटाच्या टोकाला छत संपतं, तिथून पुढे उन्हात उभी माणसं.)

‘रेल्वेने लक्ष द्यावं’ असं निवेदन दिलं तर पोच मिळते, काम होत नाही. कारण रेल्वे म्हणजे एक टेबल नव्हे. गाड्यांच्या वेळा परिचालन विभाग ठरवतो. तिकीट खिडक्या, तिकीट यंत्रं आणि सफाईची देखरेख वाणिज्य विभागाकडे. फलाट, छत, नळ, स्वच्छतागृह आणि पादचारी पूल अभियांत्रिकीकडे. दिवे, पंखे, लिफ्ट विद्युत विभागाकडे. गाडीची वेळ दाखवणारा फलक आणि घोषणा सिग्नल व दूरसंचारकडे. रात्रीच्या गस्तीसाठी रेल्वे सुरक्षा दल. स्टेशनच्या दाराबाहेरचा रस्ता, रिक्षा आणि पीएमपी बसचा थांबा यांचा तर रेल्वेशी संबंधच नाही, तिथे महापालिका, छावणी परिषद किंवा नगरपरिषद लागते. बारा मागण्यांचं एकच पत्र दिलं की ते या टेबलांमध्ये फिरत राहतं आणि सगळ्यांत सोप्या मागणीचं उत्तर देऊन फाइल बंद होते. म्हणून एका पत्रात एकच मागणी, आणि ती एकाच स्टेशनची. पत्र विभागीय रेल्वे व्यवस्थापकांच्या नावे द्यायचं, वर संबंधित विभागाचं नाव घालायचं आणि आवक क्रमांकासह पोच घ्यायची.

नळाला पाणी नाही, दिवा बंद आहे, फलक चुकीची गाडी दाखवतो, अशा रोजच्या बिघाडांसाठी 139 हा रेल्वेचा मदत क्रमांक आहे. रेल मदद ॲपवरही तक्रार करता येते. तिचा क्रमांक जपून ठेवायचा. तोच दिवा महिन्यात चार वेळा बंद पडला तर ते चार क्रमांक पुढच्या पत्राला जोडायचे, म्हणजे बल्ब बदलून भागत नाही हे दिसतं. वेळापत्रकाची मागणी मात्र 139 वर टाकू नये. तिथे ती नोंदली जाते आणि बंद होते.

(दृश्य : घड्याळ. दुपार. रिकामा रूळ.)

आता या मार्गाचं सगळ्यांत जुनं दुखणं, दुपारची पोकळी. सकाळची गर्दी ओसरली की दुपारी बराच वेळ लोकल नसते. सकाळचं कॉलेज सुटलेली मुलं आणि दुसऱ्या पाळीला निघालेले कामगार नेमके याच वेळी स्टेशनवर असतात. कारण आहे ब्लॉक. रूळ, सिग्नल आणि वरची विजेची तार यांच्या देखभालीसाठी वाहतूक थांबवावी लागते, आणि ती दिवसा, कमी गर्दीच्या वेळी थांबवतात. देखभाल सोडून द्या असं कुणीच म्हणू नये. रुळाला तडा गेला तर त्याच लोकलमधले प्रवासी जिवाला मुकतील.

म्हणून ‘दुपारी लोकल द्या’ एवढंच लिहिलं की ‘ब्लॉकमुळे शक्य नाही’ हे एका ओळीचं उत्तर येतं. विचारायचं वेगळं. मागच्या तीन महिन्यांत कोणत्या दिवशी, कोणत्या दोन स्टेशनांदरम्यान, किती वाजता ब्लॉक मंजूर झाला आणि प्रत्यक्षात किती वाजता घेतला? ब्लॉक लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या बाजूला असेल त्या दिवशी पुणे ते तळेगाव फेरी चालू शकते का? ब्लॉक एकाच रुळावर असेल तर दुसऱ्या रुळावरून एक तरी फेरी काढता येईल का? दोन्ही दिशांच्या गाड्या एका रुळावरून सोडायच्या तर प्रत्येक गाडीसाठी वेगळी परवानगी लागते आणि वेग कमी होतो. ही अडचण खरी आहे, पण एका फेरीपुरती ती सोडवता येते का, हे विचारण्याचा हक्क प्रवाशांना आहे.

नवी फेरी म्हणजे नुसती वेळ नव्हे. तिला वेळापत्रकात मोकळी वाट लागते, एक रेक, म्हणजे डब्यांचा पूर्ण संच, लागतो, मोटरमन आणि गार्ड लागतात, आणि फेरी संपल्यावर तो रेक उभा करायला जागा लागते. यातलं एक जरी नसलं तरी मागणी तिथेच अडते. त्यामुळे जी मागणी नवा रेक मागत नाही ती आधी मान्य होण्याची शक्यता असते. तळेगावला संपणारी एखादी फेरी लोणावळ्यापर्यंत नेणं, किंवा आहे ती लोकल दहा मिनिटं पुढे-मागे करून पाळीच्या वेळेशी जुळवणं. सुरुवात इथून करावी. आणि वेळेत करावी. 2025 चं नवं वेळापत्रक 1 जानेवारीला लागू झालं. छापून आल्यावर दिलेलं निवेदन पुढच्या वर्षावर जातं, म्हणून पत्र पावसाळ्यातच पोचलेलं बरं.

(दृश्य : वही. रकाने आखलेलं पान.)

पुरावा कसा गोळा करायचा? सह्यांची भेंडोळी जड दिसते, पण तिच्यातून परिचालन विभागाला काही कळत नाही. कागदावर चार रकाने आखा : चढण्याचं स्टेशन, उतरण्याचं स्टेशन, कोणत्या वेळेची गाडी, पास की तिकीट. अशी पाचशे नावं पाच हजार नुसत्या सह्यांपेक्षा उपयोगी पडतात.

उशिराची नोंद करताना तारीख, गाडी क्रमांक, ठरलेली वेळ, खरी वेळ, गाडी कुठे उभी राहिली आणि कोणती गाडी पुढे गेली, एवढं लिहायचं. ही नोंद मधल्या स्टेशनवर घ्या. रेल्वे वक्तशीरपणा शेवटच्या स्टेशनवर मोजते आणि शेवटच्या टप्प्यात वेळापत्रकात थोडा जादा वेळ ठेवलेला असतो. त्यामुळे आकुर्डीला पंधरा मिनिटं उशिरा आलेली गाडी पुण्याला कागदावर जवळजवळ वेळेत पोचलेली दिसू शकते. पंधरा दिवस सलग, एकच गाडी. रोज वेगळी गाडी टिपली तर हाताशी काहीच लागत नाही.

गर्दी मोजायला चार माणसं पुरतात. गाडी बारा डब्यांची, प्रत्येकाकडे तीन डबे. किती चढले यापेक्षा किती जण चढू न शकल्याने फलाटावर राहिले, हा आकडा महत्त्वाचा. महिलांचा डबा आणि दिव्यांगांचा डबा यांची मोजणी वेगळी ठेवा.

(दृश्य : डब्याचा दरवाजा आणि फलाट यांच्यातली पोकळी, जवळून.)

फलाटाची उंची हा जिवाचा प्रश्न आहे. लोकलच्या डब्याला पायऱ्या नसतात. फलाट बुटका असला की म्हाताऱ्या माणसाला, गरोदर बाईला, कडेवर मूल असलेल्या आईला उडी मारावी लागते, आणि पाय सटकला तर तो थेट पोकळीत जातो. मुंबईत अपघातांनंतर लोकलचे फलाट 900 मिलिमीटरच्या वर उचलायचं काम घेतलं गेलं. आपल्याकडे मोजमाप करताना रुळावर कुणीही उतरू नये. रूळ ओलांडणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट, गाडी आपल्यासाठी थांबत नाही. दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारलेली काठी घ्या. गाडी पूर्ण थांबली की ती दरवाजाच्या उंबऱ्याशी उभी धरून फोटो काढा, आणि गाडी हलायच्या आधी मागे सरका. फलाट खचलेला असतो, म्हणून दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन मापं हवीत. रुळापासूनची अधिकृत उंची माहिती अधिकारात मागा.

माहिती अधिकाराचा अर्ज 10 रुपयांचा. ऑनलाइन भरता येतो, किंवा लेखा अधिकाऱ्याच्या नावे पोस्टल ऑर्डर जोडून पाठवता येतो. अर्ज 500 शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची मुदत 30 दिवस, प्रती पानाला 2 रुपये. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला फी नाही. ‘का केलं नाही’ असं विचारलं तर माहिती मिळत नाही. कागद मागा. आमचं स्टेशन कोणत्या वर्गात आहे? त्या वर्गासाठी ठरलेल्या किमान आवश्यक सुविधांची यादी द्या, आणि त्यातल्या किती आज आहेत ते सांगा. नळ, बाकडी, छत, स्वच्छतागृह, दिवे या सगळ्यांचं प्रमाण रेल्वेनेच वर्गानुसार ठरवलेलं आहे. यादी हातात आली की मागणी उपकाराची राहत नाही, नियमातली तूट भरण्याची होते.

काम मंजूर असल्याचं तोंडी सांगितलं तर अर्थसंकल्पाबरोबर येणारं पिंक बुक, म्हणजे रेल्वेच्या कामांची आणि त्यांच्या निधीची यादी, उघडा. प्रवासी सुविधांची कामं प्लॅन हेड 53 या खर्चाच्या सदराखाली असतात. मोठ्या कामाचं नाव तिथे दिसलं तर त्याला पैसे किती ठेवलेत तेही पाहा. नावापुढे अगदी किरकोळ रक्कम असेल तर त्या वर्षी काम पुढे सरकणार नाही. स्टेशनं सुधारण्याच्या अमृत भारत योजनेतल्या पहिल्या 508 स्टेशनांची पायाभरणी 6 ऑगस्ट 2023 ला झाली, त्यात आकुर्डी आणि तळेगाव होती. दौंड बाजूच्या केडगावचं लोकार्पण 22 मे 2025 ला झालं. तुमचं स्टेशन यादीत असेल तर मंजूर नकाशा मागून घ्या आणि कोणता भाग बाकी आहे ते त्यावरच खुणा करून दाखवा.

रुळावर बसून आंदोलन करण्याआधी एवढं माहीत असू द्या : रेल्वे कायद्याच्या कलम 174 खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या नावावर असा गुन्हा लागू नये. विभागीय रेल्वे उपयोगकर्ता सल्लागार समितीत प्रवाशांचे प्रतिनिधी असतात. ते कोण आहेत हे शोधून, बैठकीआधी एक पानाचा मुद्दा त्यांच्या हातात द्यावा.

(दृश्य : हडपसर. दौंडकडे जाणारी मेमू, म्हणजे विजेवरची पॅसेंजर गाडी.)

दौंडच्या मार्गावर प्रश्न वेगळा आहे. 2017 मध्ये विद्युतीकरण झालं, तरी हा मार्ग उपनगरी नाही. उपनगरी मार्गावर किमान तिकीट 5 रुपये, इथे 10. मांजरी, लोणी, उरुळी, यवत इथून रोज पुण्यात येणाऱ्याच्या खिशाला ते लागतं. उपनगरी दर्जाचा निर्णय पुण्यात होत नाही, तो रेल्वे बोर्डाचा. म्हणून ही मागणी खासदारांमार्फतच वर जायला हवी. ‘लोकल सुरू करा’ ही मागणी तिच्यात मिसळू नये. मेमूच्या दरवाजाला पायऱ्या असतात, म्हणून ती बुटक्या फलाटावरही चालते. लोकलला उंच फलाट लागतो. जिथे फलाट बुटका आहे तिथे आधी तो उचलावा लागेल, आणि ती मागणी आजही विभागीय कार्यालयात देता येते. दर्जाचं पत्र बोर्डाकडे, फलाटाचं पत्र अभियांत्रिकीकडे, आणि दोन्हींवर वेगळा आवक क्रमांक.