तळाची फळी

[दृश्य: शेडमधला कोबा. त्यावर खडूनं काढलेली सहा बाजूंची लांबट आकृती. कुणीतरी गुडघ्यावर बसून टेप लावतं आहे.]

डोक्याशी 14 इंच. खांद्याशी 24. पायाशी 13. लांबी साडेसहा फूट, म्हणजे 78 इंच. आणि डोक्यापासून 22 इंचांवर खांदा.

एवढ्या पाच आकड्यांत माणसाची शवपेटी मावते. हातात करवत धरता येणाऱ्याला दोन सुट्ट्यांचं काम. निदान आराखड्यावर तसं लिहिलेलं असतं.

जगात बरीच माणसं ही पेटी घरी करतात. कुणी आईसाठी, कुणी नवऱ्यासाठी, कुणी स्वतःसाठी. विकतची पेटी परवडत नाही हे एक कारण. पण आपल्या माणसाचं शेवटचं काम परक्याच्या हातून नको, हेही तितकंच खरं. अशा माणसाच्या हातात असतो तो फक्त एक आराखडा. तो आराखडा कसा असतो, त्यावर ही चित्रफीत आहे.

[दृश्य: उंच सरळ झाडांचं रान. मठाचा मनोरा.]

अमेरिकेत लुइझियाना राज्यात, कोव्हिंग्टन गावाजवळ, सेंट जोसेफ ॲबी हा बेनेडिक्टिन या ख्रिस्ती पंथाचा मठ आहे. 1889 सालचा. मठातला साधू वारला की इतर साधू त्याच्यासाठी साधी लाकडी पेटी करत. 2005 साली कॅटरिना वादळानं मठाच्या रानातली झाडं आडवी केली आणि लाकडाचं उत्पन्न बुडालं. मग 2007 मध्ये साधूंनी सायप्रस नावाच्या झाडाच्या लाकडाच्या पेट्या विकायला काढल्या.

राज्याच्या दफन मंडळानं त्यांना थांबवलं. लुइझियानात तेव्हा शवपेटी विकायची तर परवानाधारक दफन संचालक हवा, 30 माणसं बसतील असं दालन हवं, शव जतन करायची खोली हवी. साधू कोर्टात गेले. 2011 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, मार्च 2013 मध्ये अपील न्यायालयानं तो कायम केला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं मंडळाची याचिका ऐकायला नकार दिला.

साधू जिंकले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या निकालपत्रातली दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. न्यायालयानं नोंदवलं आहे की शवपेटी कशी बांधायची, तिचा आकार काय, ती बंद कशी करायची, यावर राज्याचा एकही नियम नाही. घरी करा, दुसऱ्या राज्यातून मागवा, पेटी वापरूच नका, सगळं चालतं. विकण्यावर एवढी बंधनं होती, पण बांधण्यावर काहीच नाही.

देशभरचा नियमही घरच्या पेटीच्या बाजूनं आहे. 1984 पासून अमेरिकेतल्या दफनसंस्थांना बाहेरून आणलेली पेटी नाकारता येत नाही, आणि 1994 पासून ती हाताळल्याचे वेगळे पैसेही लावता येत नाहीत.

म्हणजे पेटी मजबूत आहे की नाही हे तपासणारा अधिकारी तिथे नाही. आराखडा काढणाऱ्यानं जे लिहिलं तेच प्रमाण. त्यानं जे गाळलं, ते पेटीतूनही गळलं.

[दृश्य: एक मोठं गॅरेज. पांढऱ्या केसांच्या बायका पेट्यांना रंग देताहेत.]

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ गावात हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला. केटी विल्यम्स या बाई पूर्वी मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची शुश्रूषा करत. 2010 साली त्यांनी स्वतःच्या गॅरेजमध्ये शवपेटी मंडळ सुरू केलं. येणारी मंडळी बहुतेक निवृत्त. आपली पेटी आपण करायची, हवी तशी रंगवायची. मग ती घरी नेऊन काहीजण तिच्यात फळ्या घालून पुस्तकं ठेवतात, काहीजण गोधड्या. हेच मंडळ तान्ह्या बाळांसाठी लहान पेट्या करतं आणि तिथल्या रुग्णालयाला विनामूल्य देतं.

तिथे आराखडा आहेच, पण शेजारी काम जाणणारा माणूसही उभा असतो. स्क्रू तिरका जायला लागला की तो हात धरतो. घरी एकट्यानं, रात्री जागून पेटी करणाऱ्याला तो हात कुठून मिळणार? त्याच्या वाट्याला फक्त कागद. म्हणून त्या कागदाकडे मी इतकं डोळे फाडून बघतो आहे.

[दृश्य: टेबलावर छापलेले आराखडे. कोपऱ्यावर चहाचा डाग.]

मी असे बरेच आराखडे वाचले. छायाचित्रं सुंदर असतात. पॉलिश कुठलं, अस्तराला कापड कुठलं, झाकणावर नक्षी कशी, यावर पानंच्या पानं. आणि मापांपाशी आलं की शब्द आटतात.

एक उदाहरण. आराखडा म्हणतो, पाइनच्या एक बाय बाराच्या फळ्या घ्या. अमेरिकेत एक बाय बारा हे फळीचं नाव आहे, माप नव्हे. रंधून, वाळून दुकानात येते ती फळी प्रत्यक्षात पाऊण इंच जाड आणि सव्वाअकरा इंच रुंद. तिथल्या सुताराला हे पाठच असतं. नवख्याला कोण सांगणार? तो एक इंच धरून हिशोब मांडतो आणि प्रत्येक सांध्याला दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरक पडतो.

दुसरं, 24 इंच म्हणजे आतून की बाहेरून? पाऊण पाऊण इंचाच्या दोन फळ्या दीड इंच खातात. दीड इंच म्हणजे किरकोळ, असं वाटतं. पण पेटीत आडवा होणारा माणूस भरल्या अंगाचा असला, तर त्याची कोपरं मावणार की नाही ते त्या दीड इंचावर ठरतं. बाहेरचं मापही तितकंच जपावं लागतं. अमेरिकेतल्या पुष्कळ दफनभूमींमध्ये खड्ड्यात आधी काँक्रीटची पेटी बसवतात आणि लाकडी पेटी तिच्यात उतरवतात. तिची आतली रुंदी सुमारे 30 इंच असते. पेटी त्यात बसते, पण दोन्ही अंगांना उचलायच्या कड्या लावल्या की अडू शकते. आणि हे कळतं केव्हा? सगळे नातेवाईक खड्ड्याभोवती उभे असताना.

तिसरी गोष्ट खांद्याच्या कोनाची. तिच्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त लाकूड इथे वाया जातं. सहा बाजूंच्या पेटीत खांद्यापाशी दोन फळ्या मिळतात. आराखडे तिथे एक आकडा देतात, करवत इतक्या अंशांवर ठेवा म्हणून. पण तो कोन माणसागणिक बदलतो. सुरुवातीला सांगितलेली मापं घेतली तर प्रत्येक फळी 9 अंशांहून किंचित जास्त कापावी लागते. तीच पेटी खांद्याशी 24 ऐवजी 26 इंच केली की कोन जातो 11 च्या जवळ. खांद्यापासून पायापर्यंतची फळी 56 इंचांची. कोनात अर्धा अंश चुकला तर पायाशी ती अर्धा इंच, म्हणजे चार सूत, सरकते. एवढी फट लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजत नाही.

चांगला आराखडा कोनाचा आकडा देतच नाही. तो सांगतो: जमिनीवर खडूनं पूर्ण मापाची आकृती काढा, फळी तिच्यावर ठेवा, सरकत्या गुण्यानं, म्हणजे सुताराच्या कोन मोजायच्या हत्यारानं, कोन उचला, आणि तोच करवतीवर चढवा. अशी एक ओळ असलेला आराखडा दिसला की मी तो बाजूला काढून ठेवतो. लिहिणाऱ्यानं हात घातलेला असतो कामात.

जुन्या इंग्लंडातले कारागीर तर खांद्याला सांधाच ठेवत नसत. सबंध लांबीची एकच फळी घ्यायची, बहुधा एल्म नावाच्या झाडाची. खांदा येतो तिथे आतल्या अंगाला करवतीनं पाच-सहा आडवे चरे पाडायचे, पार आरपार नाही. मग त्यांवर उकळतं पाणी ओतायचं आणि फळी हळूहळू वाकवायची. चरे मिटतात, फळी वळते, बाहेरून लाकूड अखंड. हे काम मी जवळून पाहिलं आहे. फळी वाकताना बारीक कुरकुरते, आणि ओल्या लाकडाचा वास शेडभर पसरतो. चरा एक सूत जास्त खोल गेला की फळी कडकन मोडते. हे अंदाजाचं काम आहे, आणि अंदाज कागदावर उतरवणं कठीण. तरी चऱ्यांची खोली न सांगता “फळी वाकवा” एवढंच लिहिणं मला मान्य नाही.

[दृश्य: पुन्हा तीच शेड. भिंतीला टेकवलेल्या पाइनच्या फळ्या.]

ही शेड वसईत आहे. इथल्या ख्रिस्ती गावांत पेट्या करणारे सुतार आहेत. त्यांतले एक काका माझ्या ओळखीचे. अलीकडच्या वर्षांत वसईतल्या काही धर्मग्रामांनी, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजांनी, पेटी बाजूला ठेवून कापडात गुंडाळून दफन करायला सुरुवात केली आहे, कारण दफनभूमी अपुऱ्या आणि वार्निश चढवलेलं लाकूड लवकर कुजत नाही. काकांना त्याचं वाईट वाटत नाही. मातीला जे लवकर मिळतं ते चांगलं, असं ते म्हणतात.

मी त्यांच्यासमोर इंग्रजीतला एक आराखडा ठेवला आणि ओळीओळीनं मराठीत सांगितला. ते ऐकत होते. तळापाशी आलो. पाव इंची प्लाय, खालून खिळे, एकेका फुटावर एक.

“परत वाच,” काका म्हणाले.

मी परत वाचलं.

“ह्यानं कधी पेटी उचललेली नाही रे.”

तरी आम्ही ती तशीच केली, शब्दाला शब्द. मीच हट्ट धरला. पेटी दिसायला सुरेख झाली. आत सिमेंटच्या दोन गोण्या ठेवल्या, एक खांद्याशी, एक कमरेशी. गोणी 50 किलोची, म्हणजे भार झाला 100 किलो. पाइनची पेटीच 40 किलोच्या घरात. सहाजणांनी हात घातला, आणि पेटी कोब्यापासून वीतभर उठली.

आधी एक बारीक आवाज आला. खिळा सरकल्याचा. मग पायाकडून सुरू होऊन एकामागून एक सगळे. तळ एका बाजूनं उघडला आणि गोणी खाली बसली. धुळीचा लोट उठला, आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. त्या गोणीच्या जागी कोण असायचं, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आलं असणार.

खालून ठोकलेल्या खिळ्याला भार सरळ खाली ओढतो. ज्या वाटेनं खिळा आत गेला, त्याच वाटेनं बाहेर यायला त्याला वेळ लागत नाही. यात सुतारकामाचं गुपित काही नाही, पहिल्या महिन्यातला पोरगाही हे शिकतो. आणि हे न शिकलेल्या माणसानं तो आराखडा काढून, छापून, दुःखात असलेल्या कुणाच्या तरी हाती दिला. याचा मला राग आहे. खुर्ची मोडली तर माणूस उठतो, दुसरी करतो. ही पेटी एकदाच उचलायची असते.

आपल्याकडे तिरडी बांधतात तेव्हा कागद लागत नाही. बांबू येतो, सुतळी येते, आणि प्रत्येक आळीत एकतरी असा असतो ज्याच्या हाताला ती गाठ माहीत असते. तो बांधतो, चार पोरं बघतात, पुढच्या वेळी त्यांतला एक बांधतो. पेटी करणाऱ्या एकट्या माणसामागे अशी आळी नसते. म्हणून त्याच्या कागदात ती गाठ असायला हवी.

[दृश्य: काका पट्टीला रंधा मारताहेत. पायाशी वळलेले लाकडाचे पापुद्रे.]

दुसऱ्या दिवशी काकांनी तळ नव्यानं केला. आतल्या अंगाला सगळ्या बाजूंना पाऊण इंची पट्टी, सरस लावून आणि स्क्रूनं आवळून. त्या पट्टीवर टेकतील अशा तीन आडव्या पट्ट्या. त्यांवर अर्धा इंची प्लाय नुसता ठेवला. आता भार स्क्रूला बाहेर ओढत नाही. त्याला आडवं तोडावं लागेल, आणि ते सहजी होत नाही.

कड्यांचे स्क्रूही त्यांनी काढले. तिथे आरपार बोल्ट घातले, आतून रुंद वायसर लावून. पेटी पायऱ्यांवरून उतरते तेव्हा भार सहा हातांत सारखा राहत नाही, खालच्या दोघांवर येतो, हे ते बोल्ट आवळता आवळता सांगत होते. पाइनचं लाकूड मऊ. वायसर नसेल तर बोल्टचं डोकं त्यात रुतत जातं.

पुन्हा दोन गोण्या. पुन्हा सहाजण. या वेळी काकांनी शेडमधून अंगणात नेलं, तिथून तीन पायऱ्या खाली, विहिरीला वळसा, आणि परत. पायऱ्यांवर पुढचे दोघे वाकले. पेटी कुरकुरली नाही. खाली ठेवल्यावर काकांनी गोण्या काढायला लावल्या, आत हात घालून तळ चाचपला, बाजूंना गुण्या लावून पाहिला.

मग त्यांनी माझ्याकडून आराखडा मागून घेतला. कानावरची पेन्सिल काढली. इंग्रजी मजकुरात त्यांना तळाची ओळ सापडेना, ती मी बोट ठेवून दाखवली. त्यांनी ती खोडली आणि समासात, मोठ्या अक्षरांत लिहिलं:

“आतून पट्टी मारणे. तळ पट्टीवर ठेवणे. दोन गोण्या घालून उचलून बघणे.”

[दृश्य: कागद. पेन्सिलची अक्षरं. चित्र काळं होतं.]